ताईबरोबरची सिगारेट

एस्तेर, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. आधी हे सांगून टाकते की शेखरनं दोन सिगारेटी ओढल्या. तू गेल्याचं कळलं त्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक. सोळा महिन्यांनंतर. मला त्यानं स्वतःच येऊन सांगितलं. सोमवारी क्लिनिकमध्ये तुझ्या जागी आलेल्या नर्सलाही सांगितलं. तिनं लिहून घेतलं, श्वासातला धूर मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं, पुढची तारीख दिली. तूही एवढंच केलं असतंस, आणि वर विचारलं असतंस, "आवडली का?" म्हणून मी त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "पहिली आवडली. दुसरी उगाच ओढली."

चर्चमध्ये तुझ्याबद्दल लोक पुष्कळ बोलले. श्रीरामपूरहून तू इथं परदेशात कशी आलीस, किती वर्षं नोकरी केलीस, किती जणांना मदत केलीस. ते सगळं खरंच असणार. मला ते काही सांगायचं नाही. मला आपल्या तिघांचं बोलायचंय, आणि त्यातलं एक तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, ते.

शेखर माझा धाकटा भाऊ. पीएचडी करून तो इथं विद्यापीठात संशोधन करायला आला तेव्हा मी वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत स्थिरावले होते. धातू गंजतात कसे, हा त्याचा विषय. त्याला पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, मिळाली, लग्न ठरलं, आणि त्याच वर्षी तो आजारी पडला. आवाज ऐकू यायला लागले. पुढची आठ वर्षं औषधं बदलण्यात, हॉस्पिटलात जाण्यायेण्यात गेली. लग्न मोडलं, नोकरी गेली. शेवटी एक गोळी लागू पडली आणि तो वुडलँड्सच्या माझ्या फ्लॅटमध्ये शांतपणे राहायला लागला. माझ्या मुलीचा, ईशाचा बाबा तोवर पुण्याला परत गेला होता. घरात मी, ईशा आणि शेखर. आणि दिवसाला दीड पाकीट.

ती पाकिटं मी आणत होते. दुकानात सिगारेटी दिसत नाहीत, काउंटरमागच्या बंद कपाटात असतात; मागाव्या लागतात. पन्नाशीला आलेली, कुर्ता घातलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेली बाई रोज येऊन एकच ब्रँड मागते याचं त्या दुकानातल्या मुलीला सुरुवातीला नवल वाटायचं. पाकिटावर सडलेल्या फुफ्फुसाचं चित्र असायचं. ते मी उलटं धरून पिशवीत टाकायचे. ईशा एकदा इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "मम्मा, यू आर हिज सप्लायर, लाह." मी तिच्यावर ओरडले. संध्याकाळी ऑफिसातून आले की शेखर आणि मी खाली उतरायचो, ब्लॉकमागच्या, म्हणजे आमच्या इमारतीमागच्या, कार पार्कच्या कडेला उभे राहायचो. तो ओढायचा. मी सोबत असायचे. मला वाटायचं, दिवसभरात आम्ही दोघं एकत्र असतो ते एवढंच, आणि याहून जास्त मी त्याला काही देऊ शकत नाही.

तू आमच्या आयुष्यात आलीस ती तोआ पायोहच्या क्लिनिकमध्ये. त्या दिवशी डॉक्टरांकडे नेहमीची भेट होती. बाहेर पडलो तर तू दारात उभी, कार्डावरचं आडनाव वाचून थेट मराठीत, "जरा बसता का माझ्याकडं दहा मिनिटं?" मला आनंद झाला आणि लगेच मावळला, कारण तुझ्या दारावर सिगारेट सोडवण्याच्या विभागाचा बोर्ड होता. मी म्हटलं, "सिस्टर, सध्या तो विषय नको. तो आत्ता कुठं स्थिर आहे."

तू सरळ शेखरला विचारलंस, "तुम्हांला सोडायचीय का?"

"नाही," शेखर म्हणाला.

"बरं. मग सोडू नका. नुसतं एक सांगा. दिवसभरात इतक्या ओढता, त्यातली एक कमी झाली तर सगळ्यात कमी वाईट वाटेल अशी कुठली?"

शेखर विचार करायला लागला. प्रश्न विचारला की तो खरंच विचार करतो, तेवढा वेळ सहसा कुणी थांबत नाही. तू थांबलीस. मी घड्याळ बघत होते.

"संध्याकाळची," तो म्हणाला. "ताईबरोबरची."

"का बरं?"

"ती फोनमध्ये असते."

एस्तेर, त्या वेळी मी काहीतरी हसण्यावारी नेलं. ऑफिसचे मेसेज असतात, इथल्या नोकऱ्या अशाच, असं काहीतरी. तूही हसलीस. पण ट्रेनमध्ये बसल्यावर माझे कान गरम झाले होते. तीन वर्षं मी ज्याला माझा त्याग समजत होते ती त्याची सगळ्यात बिनकामाची सिगारेट होती.

पुढच्या भेटीला तू सांगितलंस ते एवढंच होतं: सिगारेट गाळा, दहा मिनिटं ठेवा. ब्लॉकला चक्कर मारा. फोन वर घरी ठेवून या. पहिला आठवडा भयंकर गेला. बोलायचं काय? जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढं विचारून झालं की अर्धा ब्लॉक उरायचा. आठव्या-नवव्या दिवशी शेखर जिन्याच्या कठड्यापाशी थांबला आणि रंगाखाली फुगलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ. वरून रंग चांगला दिसतो. आत पाणी गेलंय." मग गंज कुठून सुरू होतो, वेल्डिंगच्या जागीच का धरतो, खाडीजवळच्या इमारतींना काय होतं, हे त्यानं मला दोन चकरा होईपर्यंत सांगितलं. आजारी पडल्यापासून त्याच्या तोंडून त्याच्या विषयाचं एक वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हण. वर आल्यावर मी तुला मेसेज केला. "त्याला अजून सगळं आठवतं." तुझं उत्तर आलं, "मग? विसरायला काय झालं?"

त्यानंतर हळूहळू आपलं अहो-जाहो गेलं. एकदा क्लिनिकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपी म्हणजे इथली कॉफी घेताना तू म्हणालीस, "सिस्टर सिस्टर काय करतेस, एस्तेर म्हण." तुला ज्वारीचं पीठ कुठं चांगलं मिळतं ते मी सांगितलं, आणि ते चांगलं नसतं हे तू मला सांगितलंस. शेखरच्या सिगारेटी तीसवरून वीस, वीसवरून बारा झाल्या. तू निकोटीनच्या पट्ट्या दिल्यास, तसलाच च्युइंग गम दिलास. आवाज वाढले असं तो म्हणाला की तू ते खोटं पाडायचा प्रयत्न करायची नाहीस. विचारायचीस, शेवटची ओढून किती वेळ झाला होता? अर्धा तास उलटला की जीव कासावीस होतो, तो सिगारेटच करते, आणि मग तीच थांबवते. आजाराची बेचैनी वेगळी, तलफेची वेगळी, पण आतून दोन्ही सारख्याच वाटतात, हे तू त्याला इतक्या वेळा आणि इतक्या सावकाश समजावलंस की शेवटी तो मला समजावायला लागला.

पण आपलं भांडण चालू होतंच. मी म्हणायचे, "त्याचं सगळं गेलं. संशोधन, लग्न, मित्र. एक सिगारेट उरली होती, तीही तू काढून घेतेस."

"उरलंय काय ते तू मोजलंस," तू म्हणायचीस. "त्याला विचारलंस का?"

"त्याला सुख कशात आहे ते मला कळतं."

"तुझी सोय कशात आहे ते तुला कळतं."

अशी तू फटकन बोलायचीस आणि मग माझ्या पुढ्यात टोस्टची बशी सरकवायचीस. एकदा मी जास्तच चिडले, म्हटलं, तुला हे सगळं बाहेरून बोलायला सोपं आहे. तेव्हा तू मला गजराबाईंचं सांगितलंस. तुझी पहिली नोकरी, आपल्याकडच्या मनोरुग्णालयातली. वॉर्डात सत्तर बायका आणि तुम्ही दोघी नर्स. तुमच्या ॲप्रनच्या खिशात विड्यांचं बंडल. गोळी मुकाट्यानं घेतली की एक विडी, आंघोळ केली की एक, भांडण केलं नाही की संध्याकाळी एक. गजराबाई आल्या तेव्हा त्यांना विडी माहीतही नव्हती. पहिली तू दिलीस, कारण त्या रात्रंदिवस रडायच्या आणि तुला दुसरं काही सुचेना. त्या रडायच्या थांबल्या. चौदा वर्षांनी तू इथून रजेवर तिकडं गेलीस तेव्हा कळलं, त्या छातीच्या आजारानं गेल्या.

"वेड लागल्यानं नाही मरत गं ही माणसं," तू म्हणालीस. "छातीनं मरतात, हृदयानं मरतात. आणि आपण म्हणतो, बिचाऱ्याला तेवढंच सुख. मीही म्हणायची." मग तू कोपी संपवलीस आणि पुढच्या पेशंटची वेळ झाली म्हणून उठलीस. पण माझं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही, एस्तेर. ज्याचं सगळं गेलंय त्याच्याकडून आणखी काही मागताना हात थोडा थरथरावा, एवढंच मला म्हणायचं होतं. तुझा थरथरत होता का, हे मी कधी विचारलं नाही.

आता ते सांगायचं राहून गेलेलं.

शेखरनं पूर्ण सोडली तेव्हा तू आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंस. सिगारेटच्या धुरामुळे त्याची ती मुख्य गोळी शरीरातून लवकर निघून जाते. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर बंद झाला की तोच डोस जड होतो. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केलाय, दहा दिवसांनी रक्त तपासून अजून कमी करायचा का ते ठरेल. तारीख चुकवू नका. तू हे मराठीत सांगितलंस, मग इंग्रजीत सांगितलंस, मग कागदावर लिहून दिलंस.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात रिलीज होतं. मी क्लिनिकला फोन केला आणि तारीख दोन आठवडे पुढं घेतली. शेखर एकटा गेला असता, पण एकटा गेला की तो परतताना भलत्या स्टेशनवर उतरतो अशी मला भीती, आणि ईशानं बरोबर जावं तर तिची परीक्षा. तुझा मेसेज आला. "इतकं लांबवू नकोस. तोआ पायोहला जमत नसेल तर घराजवळ रक्त घेण्याची सोय करते. झोप जास्त येते का, लाळ गळते का, बघ. काही वाटलं तर लगेच कळव." मी मीटिंगमध्ये होते. मी त्यावर अंगठा टाकला.

झोप जास्त येत होती. उशी ओली असायची. मी बघत होते आणि मला वाटत होतं, चला, सिगारेट नाही तर निदान झोप तरी लागते. बाराव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात पाणी घेताना कोसळला. हातपाय झटकत होता. ईशानं ॲम्ब्युलन्स बोलावली. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते.

तू धावत इमर्जन्सीच्या दारात आलीस, तुझा डबा अजून तुझ्या हातात होता. आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुमच्या प्रयोगापायी माझा भाऊ मरता मरता वाचला." तू म्हणालीस, "रक्तातली पातळी तपासायला सांगितलीय मी, वेळेत आलाय तो, बरा होईल." मी म्हणाले, "तुम्ही त्याच्यापासून लांब राहा."

तिसऱ्या दिवशी शेखर उठून बसला, पेज प्यायला. त्याच दिवशी मी तक्रार पाठवली. दीड पान. इंग्रजी माझं चांगलं आहे, हे तुला माहीत आहे. नर्सनं कुटुंबाचा विरोध असताना स्थिर रुग्णाची सिगारेट बंद केली, परिणामांची पुरेशी कल्पना दिली नाही. पुरेशी कल्पना दिली नाही! तू लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. तक्रार लिहिताना मी ज्या टेबलाशी बसले होते तिथून तो दिसत होता.

तुला सहा आठवडे त्या कामावरून बाजूला ठेवलं. मला ते ग्रेसकडून कळलं, तुझ्या फिलिपिनो मैत्रिणीकडून. तिनं मला काही बोल लावला नाही, नुसतं सांगितलं. मग माझ्या तक्रारीला उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की संबंधित नर्सनं पाठपुरावा अधिक करायला हवा होता हे मान्य केलं आहे. तारीख कुटुंबानं पुढं ढकलली, मेसेज केला होता, यातलं एक अक्षर नव्हतं. ते वाचल्यावर मी फोन उघडला, तुझा मेसेज शोधला. त्याच्याखाली माझा पिवळा अंगठा. मी दोन ओळींचं पत्र पाठवून तक्रार मागं घेतली. कारण लिहिलं नाही.

चूक माझी होती, एस्तेर. तुझी तसूभरही नव्हती. हे मला तेव्हापासून माहीत आहे, आणि वर्षभराहून जास्त मी तुझ्यासमोर दर महिन्याला बसत होते, तुझ्या डब्यातली भाकरी खात होते, आणि हे वाक्य बोलले नाही. परत पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी मी म्हटलं, "तुम्ही कशा आहात?" तू डोळे बारीक करून बघितलंस. "हे 'तुम्ही' परत कुठून आलं?" म्हणालीस, आणि शेखरच्या हातात ते फुंकायचं यंत्र दिलंस. तेवढंच. तिथं मला बोलता आलं असतं. तू दार उघडून दिलं होतंस. मी म्हणाले, "सवय, अजून काय."

मग मी ठरवलं, नंतर बोलू. निवांत, एकदा घरी जेवायला बोलावून. तू दोनदा जेवायलाही आलीस. एकदा ईशा होती, एकदा तू घाईत होतीस. कारणं मला नेहमीच सापडतात.

ग्रेसचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. कामावर येताना बसस्टॉपवर पडलीस, मेंदूत रक्तस्राव, दोन दिवस मशीनवर, आणि त्या सकाळी गेलीस. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. शेखर गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी त्याला उभ्याउभ्या सांगितलं. त्यानं हातातला टॉवेल नीट बांबूवर पसरला, चिमटे लावले. "मग सोमवारी कोण असेल?" एवढंच विचारलं आणि खाली गेला. चाळीस मिनिटांनी वर आला तो वास घेऊनच. मी काही म्हणायच्या आधी तो म्हणाला, "ओढली. लपवत नाहीये."

तुझ्या अंत्यविधीला तो चर्चमध्ये आला. इस्त्रीचा शर्ट स्वतः कपाटातून काढून घातला. तुझी बहीण श्रीरामपूरहून व्हिडिओवर होती, तिनं एक मराठी गाणं म्हटलं, इथल्या चौघी-पाचजणींनी मागून धरलं, बाकीचे शब्द न कळता उभे होते. शेखर मागच्या बाकावर हात बांधून बसला होता. गर्दीत त्याला त्रास होतो, तरी शेवटपर्यंत थांबला. बाहेर पडताना त्यानं ग्रेसला जाऊन सांगितलं की सिस्टरनी मला कधी घाई केली नाही. ती रडायला लागली, तो गोंधळून माझ्याकडे आला.

परतताना बसमध्ये वरच्या मजल्यावर जागा मिळाली. दोन-तीन स्टॉप झाल्यावर तो म्हणाला, "ताई, ती रक्ताची तारीख तू पुढं ढकलली होतीस."

मी त्याच्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

"मी समोर बसलो होतो. तू फोनवर म्हणालीस, दोन आठवड्यांनी द्या."

"एस्तेरला सांगितलंस?"

"हो. हॉस्पिटलातच. त्यांनी विचारलं, तपासणी का राहिली. मी सांगितलं."

"मग तिनं ते कुठं लिहिलं का नाही?"

"मीपण विचारलं. म्हणाल्या, तुझ्या ताईला आता लाज वाटली तर ती तुला क्लिनिकला आणायची नाही. मग तू पुन्हा एकटा. त्यापेक्षा राहू दे."

बस सिग्नलला थांबली. मी विचारलं, "तू माझ्यावर रागावला नाहीस?"

"रागावलो की. महिनाभर. तुझं लक्ष नव्हतं."

"मला बोलायचंस."

"सिस्टरपण तेच म्हणाल्या. रागावलास तर तिला सांग. मी म्हटलं, ती रडेल. त्या म्हणाल्या, रडू दे की."

मग मी रडले. मागे कॉलेजची मुलं बसली होती, त्यांनी हसणं थांबवलं. रुमाल नव्हता, ओढणीनं तोंड पुसत राहिले. शेखरनं माझ्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. तो तसलं काही करत नाही. तो माझ्याकडे तोंड करून बसला आणि बघत राहिला, तू त्याच्या उत्तरासाठी थांबायचीस तसा, अजिबात घाई न करता. आमचा स्टॉप आला, गेला. मी मागं गेलेल्या स्टॉपकडं हातानं खूण केली, तर तो म्हणाला, "होऊ दे तुझं. पुढच्याला उतरू."